उजवा कोपरा

अण्णा, परवा टीव्हीवर कबड्डी चालली होती. पंचांनी गुण दिला नाही, तर पडद्यावर पुन्हा दाखवलं. चढाईवाल्याच्या बुटाचं टोक बचाववाल्याच्या गुडघ्याला घासलेलं चारदा दिसलं. मी टीव्ही बंद केला. आईनं विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाले.

सातपूरच्या कंपनीनं तुम्हाला चांदवडहून आणलं ते खेळासाठीच. संघाचा उजवा कोपरा तुमचा. मशीनशी नातं पगाराच्या सहीपुरतं. फायनल जिंकली की कायम करू, असं साहेब म्हणाले होते आणि त्या भरवशावर आईनं गावची भांडीसुद्धा इकडे आणली होती. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. मी नऊ वर्षांची, तुमच्याच कोपऱ्यालगत रेषेबाहेर बसलेली. चढाईवाला परत गेला, पंचांनी काहीच दिलं नाही, आणि तुम्ही आपणहून हात वर करून बाहेर आलात. एका गुणानं हरलो.

त्याच संध्याकाळी संघातले तिघं घरी येतात. आई पोळ्या लाटायची थांबते. पाय लागलाच नव्हता, तुम्ही मॅच विकली, असं ते तोंडावर म्हणतात. तुम्ही मला पुढं बोलावता.

"ही तिथंच बसली व्हती. सांग बाई, त्याचा पाय लागला का नाय?"

मी म्हणाले, "मला नाही दिसलं."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांना म्हणालात, "लहान हाय ती. धुळीत काय दिसणार."

महिन्याभरात तुम्हाला काढलं. विकला गेलेला माणूस म्हणून दुसऱ्या कुठल्या संघानं घेतलं नाही. मग गोडाऊनची वॉचमनकी, मग खोकला, मग सरकारी दवाखान्यातली खाट. त्या खाटेवरूनही तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. आई अजून म्हणते, तुझ्या बापानं मॅच विकली आणि आमचं वाटोळं केलं. मी ऐकून घेते. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा कपाटात साड्यांखाली सारलं.

मला तुमचा राग आला होता, अण्णा. हात वर केल्याचा राग. पाय लागला होता, मला स्वच्छ दिसला होता. त्या दिवशी मैदानावर पाणी मारलेलं होतं. धूळ नव्हतीच.