मूठ वर

८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला कळत नाही, आणि मधे आत्या आली की निम्मं ती आपल्या मनचं सांगते. म्हणून हे पत्र.

कंपनी आमचं एक गाणं काढणार आहे, व्हिडिओसकट. एकच. ते चाललं तर पुढचं बघू म्हणतात, नाही तर आमच्या बँडला रामराम. तसं झालं तर वर्षअखेरीस घरी येऊन कारखाना सांभाळायचा, हे आपलं ठरलेलं आहे आणि मी ते विसरलेली नाही.

आता मुद्द्याचं. दिग्दर्शकबाईंना मागे चालू यंत्रं हवी आहेत. गाणं तिथेच वाजवायचं आणि तिथेच टिपायचं, आवाजासकट. एखाद्या रविवारी आपला कारखाना मिळेल का? झाकणांचे प्रेस धडधडत असताना मला ड्रम वाजवायचे आहेत. ठेका मी कुठे शिकले ते तुम्हाला सांगायला नको.

आत्याला नमस्कार. राग आला तरी लोभ तेवढा आवरता घेऊ नये.

तुमची,
ठकू

१५ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डब्यांची झाकणं ठोकण्यात माझा जन्म गेला, एकावर कधी गंज चढू दिला नाही. आणि पोटच्या पोरीने टोळक्याचं नाव ठेवलं ‘गंज’. आता बोलून काय उपयोग.

कारखाना घ्या. पण आत पाऊल टाकलं की नियम माझे. सगळ्यांनी केस बांधून टोपीखाली घालायचे, त्या तुमच्या लांब केसांच्या मुलांनीसुद्धा. गळ्यात साखळ्या नकोत, बाह्या मनगटाशी बंद. यंत्र केस ओढतं तेव्हा हा कलाकार आहे का, असं विचारत नाही. प्रेस माझीच माणसं चालवतील. एक जण रजेवर आहे, त्याच्या यंत्रावर मी बसेन.

गाणं कसं आहे ते मात्र मला विचारू नकोस. निवांत खोलीत कुणी समोर बसून बोललं तर अजून कळतं, गलबल्यात नुसती घरघर. तू त्याच वाटेने निघाली आहेस, याची मला धास्ती वाटते. गाणं चालो न चालो, कान जाऊ देऊ नकोस. वाजवताना कानात बोळे घालतेस ना? आत्या म्हणते घालते, पण तिचा काय भरवसा.

आशीर्वाद आहेतच, बोळे तुझे तू आण.

बाबा

६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही मला न भेटताच निघून गेलात. तुमचं चुकलं नाही. चुकलं ते माझं.

आपल्याकडे हाक पोचत नाही म्हणून सगळं खुणांवर चालतं. मूठ वर गेली म्हणजे कुणाचा तरी हात यंत्रात अडकलाय, हे मी चालायला लागले तेव्हापासून जाणते. लहानपणी गंमत म्हणून एकदा मूठ वर केली होती, तर मिस्त्रीकाकांनी पाठीत धपाटा घातला होता. पण आमच्या गायकाला, लांब्याला, हे सांगायला हवं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि रॉक गाणाऱ्याची मूठ वर जायचीच.

ती गेली. पॅकिंगच्या मावशींनी पाहिली आणि नियमाप्रमाणे आपलीही वर केली. मिस्त्रीकाकांनी मुख्य खटका पाडला. प्रेस थांबले, गिटार मेल्या, माइक मेला. माझ्या काठ्यांना वीज लागत नाही, तरी हात आपोआप खाली आले. तेवढ्यात तुम्ही धावत येऊन लांब्याचं मनगट धरलंत आणि त्याची बोटं मोजायला लागलात. तो बिचारा पांढराफटक पडला, पण थांबला नाही. त्या शांततेत तुमच्याकडे बघतच त्याने उरलेली ओळ म्हटली. बोटं शाबूत दिसली तेव्हा काकांनी खटका वर केला, गिटार एकदम किंचाळल्या, आणि मागोमाग माझे ड्रम.

दिग्दर्शकबाईंचा कॅमेरा आणि रेकॉर्डर बॅटरीवरचे, त्यामुळे सगळं टिपलं गेलं. त्यांना तेच हवंय, तुमच्यासकट. लांब्याची पुढे जी खरडपट्टी काढलीत ती अर्थात कापू. दुसरं चित्रण आहे, ते ठीक आहे, पण नुसतं ठीक. या एका गाण्यावर माझं सगळं आहे, बाबा. तरी तुम्ही नको म्हणालात तर नको.

लोभाचं विचारायची आज हिंमत नाही.

ठकू

१४ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

माझी माणसं त्या दिवशी खरोखर भ्याली होती. मीही. त्याची दहाच्या दहा बोटं हाताला लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे लोकांना हसायला दाखवणार असाल तर माझं नाही म्हणून समज.

तरी मिस्त्रींना विचारलं. ज्या दिवशी त्यांची दोन बोटं गेली त्या दिवशी त्यांचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नव्हतं, त्यानंतर ही खूण आली. तेव्हा खरा मान त्यांचा. ते म्हणाले की एका मुठीवर सगळं थांबतं, एवढं चार लोकांना दिसलं तर बिघडलं कुठे. त्यांचा शब्द तो माझा. दाखवा.

त्या लांब्याला सांग, मनगट दुखत असेल तर शेक.

बाबा

२० सप्टेंबर

चि. ठकूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं गाणं आता न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे वाजतंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मधे सगळं थांबतं तिथे माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं. गल्लीतली पोरं केस टोपीखाली कोंबून फिरतात. दादा दिसला की मूठ वर करतात आणि हा सवयीने स्कूटरचा ब्रेक दाबतो. परवा मागच्या माणसाने चांगल्या शिव्या घातल्या. नशीब, याला ऐकू आल्या नाहीत.

तुझा बाप काही कबूल करणार नाही, म्हणून मीच सांगते. जेवण झालं की माझा फोन हळूच घेऊन बाल्कनीत जातो आणि तो व्हिडिओ बघतो, आवाज बंद करून. मला वाटतं तो त्या लांब्याचे ओठ वाचायला बघतो. वर्षअखेरीचं काय ठरवलंस म्हणून मी विचारलं, तर नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.

मोठा कार्यक्रम आहे म्हणतेस, तर तिकिटं माझ्या नावाने पाठव. त्याला आणायचं माझ्याकडे लागलं.

जेवत जा वेळेवर. माया आहे ती आहेच, मागायला नको.

आत्या

१९ डिसेंबर

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा आम्ही आलो होतो. आत्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून बाहेर काढलं आणि थेट सभागृहात नेऊन बसवलं. तुला भेटलो नाही, कारण तुझ्यासमोर मला बोलता आलं नसतं.

दोन्ही कानांत बोळे घालून बसलो. पोटात धडधडत होतं, कानात नेहमीची घरघर. म्हटलं, हे आपल्या कारखान्यातही फुकट मिळतं. मग त्या लांब्याने मूठ वर केली आणि सगळं सभागृह मुठी वर करून उभं राहिलं. माझाही हात गेला, नियमच आहे. सगळं थांबलं. एवढी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. मी बोळे काढले. त्या शांततेत मला स्पष्ट ऐकू आलं: मागे वळ, मी इथंच आहे.

कारखान्यात माझं सगळं लक्ष त्याच्या बोटांवर होतं. नंतर इतके महिने ओठ बघत होतो, शब्द परवा कळले. ते कुणी लिहिले ते आत्याने बाहेर आल्यावर सांगितलं. परकर-पोलक्यातली तू माझ्या पाठीशी येऊन उभी राहायचीस आणि मी प्रेसवर वाकलेला असायचो. किती हाका मारल्या असशील, पोरी. मला खरंच ऐकू यायचं नाही गं.

वर्ष संपत आलं. ऑफिसात तुझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर मिस्त्रींची सून बसायला लागली आहे, पहिल्यापासून चोख काम करते. तेव्हा तू घरी ये, पण पाहुणी म्हणून. चार दिवस राहा आणि कामाला परत जा. बोळे मात्र जन्मभर घालायचे.

येशील तेव्हा यंत्रं चालू असतील. हाक मारू नकोस. दारात उभी राहून मूठ वर कर, सगळं थांबवतो. मिस्त्री रागावतील, त्यांचं मी बघून घेईन.

तुझा,
बाबा