पुढे ये!

दादा,

"प्रिय" लिहिलं होतं, खोडून टाकलं. तसंही हे पत्र माझ्या किटबॅगेतच राहणार आहे.

काल तुझा फोन आला. "माझ्या नव्या टीमच्या मुलींशी बोलायला ये. फायनलमधल्या चुकीतून काय शिकलीस, ते सांग त्यांना." मी "बघते" म्हणून फोन आपटला. तोंड वर करून विचारतोस तरी कसा?

आमचा कोच होतास, तेव्हा प्रत्येक मॅचनंतर आम्हाला रिंगण करून बसवायचास. जिने तिने आपली चूक सांगायची, दुसरीचं नाव घ्यायचं नाही. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकीने एक ध्येय ठरवायचं. माझं होतं, गोल सोडून पुढे यायला घाबरायचं नाही.

फायनलच्या शेवटी समोरच्या टीमच्या मुलीने लांबूनच बॉल मारायला पाय उचलला. मी जागेवर होते. तूच बाहेरून घसा फोडून ओरडलास, "पुढे ये!" मी आले. बॉल डोक्यावरून गोलमध्ये गेला.

त्या दिवशी रिंगण झालंच नाही. घरी जेवताना बाबांनी विचारलं, तर खाली मान घालून म्हणालास, "गोलकीपर कच्ची पडली." माझ्या शेजारी बसून! नाव तेवढं घेतलं नाहीस, म्हणजे नियम पाळलास म्हणायचा.

बाबा अजून मलाच ऐकवतात. "पुढे ये" कोण ओरडलं, ते त्यांना माहीत नाही. दहादा जिभेवर आलं आणि गिळलं. आपली चूक सांगताना दुसऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना! आपल्या दोघांत तेवढं मी एकटीच शिकले.

तुझी,
कच्ची गोलकीपर