हिरवा शंकू

१६ नोव्हेंबर

प्रिय मॅरिट,

गेल्या रविवारी फोनवर तू दोनदा विचारलेस, बाबा, आवाज असा का येतोय. मी सर्दीचे कारण पुढे केले. मला सर्दी झालेली नव्हती. सांगायचे होते ते फोनवर नीट मांडता आले नसते. आता सर्व ठीक आहे, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाच.

तळे अजून गोठलेले नाही. व्हर्नामावशीने यंदाचा रानतांदूळ पाठवला. मी तो शिजवला आणि पहिल्यांदाच तो लगदा झाला नाही.

कॉलेजातील प्रकरण तुझ्या कानावर आले असेलच. हॅलोवीनच्या मेजवानीला दुसऱ्या वर्षाची हॅडली नावाची मुलगी केसांत कोंबडीची पिसे, तोंडावर लाल पट्टे आणि हातात प्लास्टिकची कुऱ्हाड घेऊन आली. अंगात ओजिब्वे, म्हणजे तुझ्या आईच्या आदिवासी जमातीतल्या, बायकांचा नाचाचा झगा होता. सकाळपर्यंत छायाचित्र गावभर झाले. विद्यार्थ्यांचा डीन या नात्याने चौकशी माझ्याकडे आली.

चौदा वर्षांपूर्वी तीन मुलांनी असाच वेष केला होता. तेव्हा मी तिघांना समज देणारी पत्रे पाठवून प्रकरण मिटवले होते. तुझी आई म्हणाली होती, "रसेल, तू कागद हलवलास. माणसं आहेत तिथंच आहेत." तिचे हे म्हणणे मला अन्यायाचे वाटले होते. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतेच बोललो. आज ते दोन दिवस मला परत हवे आहेत.

यंदा कॉलेजच्या अध्यक्षांना मुलीला तडकाफडकी काढून मोकळे व्हायचे होते. ओजिब्वे विद्यार्थ्यांच्या वतीने आलेली टेरिन ब्यूलो मात्र चौकशीच्या बैठकीत म्हणाली की हॅडलीला हाकललेत की कॉलेज हात धुऊन बसेल आणि पुढच्या वर्षी दुसरे कोणी पिसे लावून येईल. मी हे टिपून घेत असताना चिटणीसबाईंनी पडद्यावर छायाचित्र मोठे केले.

झग्याच्या खालून तिसऱ्या ओळीत, तंबाखूच्या डब्यांच्या झाकणांपासून वळलेल्या, नाचताना वाजणाऱ्या चंदेरी शंकूंमध्ये, एक शंकू हिरवा होता.

सहा वर्षांची असताना तू आईच्या झग्यावरचा त्या जागचा शंकू हरवलास, आणि आईने तुझ्याच पेपरमिंटच्या डबीचे झाकण वळून तेथे शिवले. तू रडत होतीस आणि ती हसत होती.

फेब्रुवारीत, आईच्या दफनानंतर, व्हर्नाने तो झगा गोधडीत गुंडाळून घट्ट बांधला होता. रीतीप्रमाणे शोकाच्या वर्षात तो नाचत नाही, वाजतही नाही. ऑगस्टमध्ये मी कपाट आवरले. माझ्या अर्लीनच्या वस्तू उघडून पाहण्याचे धैर्य नव्हते, म्हणून वरवर पाहूनच खोक्यांवर नीट चिठ्ठ्या लावल्या, आणि 'पांघरुणे' लिहिलेले खोके चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन आलो. न वाजण्यासाठी बांधलेली वस्तू वाजली नाही, म्हणून मला कळली नाही.

मी चौकशी थांबवली. हा झगा माझ्या पत्नीचा आहे आणि तो विक्रीला मीच दिला, असे सांगून चौकशीप्रमुखाची खुर्ची सोडली आणि भिंतीशी जाऊन बसलो. हॅडलीबरोबर आलेले तिचे वडील लगेच म्हणाले, "म्हणजे तुमच्याच डीननं विकायला काढला. मग माझ्या पोरीचा गुन्हा काय?"

टेरिन शांतपणे म्हणाली, "झगा सरांनी दिला. पिसं आणि कुऱ्हाड तिनं आणली."

मॅरिट, नऊ महिन्यांत मला एवढा मोकळा श्वास घेता आला नव्हता. टेरिनने माझी चूक माझ्याकडे ठेवली आणि दुसरीची दुसरीकडे. चौदा वर्षांपूर्वी मला एवढेच जमायला हवे होते.

हॅडलीला एका सत्रासाठी दूर केले आहे. कॉलेजच्या निवेदनात काय घडले ते स्पष्ट लिहिले आहे, आणि चौदा वर्षांपूर्वीचेही. तो परिच्छेद मी स्वतः लिहिला. वेषांविषयीचा नियम यापुढे सप्टेंबरातच, टेरिनच्या मंडळाला विचारून, प्रत्येक वसतिगृहात समोरासमोर सांगितला जाईल. माजी विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना हे फार वाटते, निम्म्यांना अपुरे. मला झोप लागते.

मंगळवारी हॅडली स्वतः झगा घेऊन आली. ती रडली नाही, हे मला बरे वाटले. हिरव्या शंकूला बोट लावून तिने विचारले, "हा वेगळा का?" मी तुझी गोष्ट सांगितली. नंतर व्हर्नाने येऊन सेजची सुगंधी पाने जाळून झग्याला शुद्धीचा धूर दिला, पुन्हा गोधडीत बांधला आणि मला म्हणाली, "भाओजी, आता चिठ्ठी लावू नका."

सप्टेंबरात तू विचारले होतेस, आईचा झगा कुठे आहे, वर्ष सरल्यावर मला तो घालून नाचायचे आहे. मी न पाहताच उत्तर दिले, कपाटात आहे. तेव्हा तो विकला जाऊन महिना झाला होता. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिले. फेब्रुवारीत ये आणि गाठ तूच सोड. झगा कपाटात आहे. आज सकाळी मी पाहिला.

तुझाच,
बाबा