सकाळी गर्ल, दुपारी ओल्ड लेडी

ता. ४ जानेवारी

चि. टकळीस अ. आ.

तुझं कॉलेजातलं इंग्रजी आता घरच्यांच्या कामी येऊ दे. आमच्या शिलाई कारखान्यातले कटिंग मास्तर निवृत्त होताहेत. कापड अंथरणं, आखणं, कापणं यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून त्यांच्या जागेसाठी अर्ज दिला. साहेब हसले. हे काम ओल्ड लेडीला झेपायचं नाही म्हणाले. अगं, सकाळीच आमच्या टेबलाला ‘गर्ल्स’ म्हणून हाक मारली होती! मी एक्कावन्नची, मधली सगळी वर्षं गेली कुठं? साहेब त्रेपन्नचे, पण स्वतःला यंग मॅन म्हणवतात. इंग्रजीत कितव्या वर्षी काय म्हणतात, ते नीट कळव. तुझ्या बापाला बोलू नकोस, लगेच नोकरी सोड म्हणेल.

तुझी आत्या

ता. ११ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शब्दकोश पालथा घातला. आधी बेबी, मग किड, तेरा ते एकोणीस टीनएजर, अठरा पूर्ण झाली की ॲडल्ट. गर्ल खरं तर तिथंच संपायला हवी. पुढं वुमन, तिला वरची मर्यादाच नाही. ओल्ड कधीपासून, ते बोलणाऱ्याच्या सोयीवर. माझंच बघ ना, एकोणीस वर्षांची मी स्वयंपाकघरात ॲडल्ट आणि सहलीचं नाव काढलं की बाबांची बेबी!

अर्ज मागे घेतलास तर मी अबोला धरीन. पण नोकरीच गेली तर? लगेच कळव.

तुझी लाडकी टकळी

ता. २२ जानेवारी

चि. टकळीस अ. आ.

सोमवारी ‘गर्ल्स’ अशी हाक आली. आम्ही नऊजणींनी माना वर केल्या नाहीत. दुसरी हाक, तिसरी. साहेब तणतणत आले, बहिऱ्या झालात का म्हणाले. मी सांगितलं, इथं गर्ल कुणी नाही आणि ओल्ड लेडीही नाही, नऊ बायका आहेत. कापडाचे साठ थर द्या, एक बाही तिरकी गेली तर मी आपण होऊन घरी बसते.

दिले. मी कापले. साहेबांनी सगळ्यात वरची बाही तळातल्या बाहीवर ठेवून पाहिली, पुन्हा पाहिली. सुताचा फरक नव्हता.

आजपासून कटिंगचं टेबल माझं. साहेबांनी जरा चाचरतच विचारलं, आता तुम्हाला काय म्हणायचं? मी विचारलं, आधीच्यांना काय म्हणत होता? मास्तर, म्हणाले. मग तेच म्हणा, म्हटलं.

बापाला आता खुशाल सांग. सहलीचंही सांग, आणि पुन्हा बेबी म्हणाला तर मान वर करू नकोस. त्याची माया आहेच, तिला वयाची अट नाही.

तुझी
आत्या मास्तर