पूर्ण नाव

दादा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे ती परदेशातल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात. तुमच्या धाकट्या लेकाला इथं नोकरी लागली. "लेकरांना सुट्ट्या लागल्या की मायला घेऊन ये," असा तो मागेच लागला. आमच्या यांना रजा मिळाली नाही, म्हणून मी, माझी दोन लेकरं आणि माय असे चौघंच निघालो. आता दुपार आहे. मामा भाच्यांना पोहायला घेऊन गेलाय आणि माय गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघतेय. उद्या परतीचं विमान आहे आणि मी सकाळपासून चारही पासपोर्ट पुन्हा पुन्हा मोजतेय.

मी भित्री, हे तुम्हाला नवीन नाही. गोरेगावहून सेनगावला जीपमधून जातानासुद्धा मी तुमच्या शर्टाचं टोक धरून बसायची. त्यात हिंगोलीच्या तिकीटवाल्यानं भर घातली. "ताई, तिकडं लई कडक काम असतंय. एकाचं अडकलं की समद्या फॅमिलीला बसवून ठेवतेत," असं तो चहा पिता पिता सहज बोलून गेला आणि मी ते विमानात घोकत बसले. माय मात्र खुशाल ढग बघत लेकरांना दशम्या भरवत होती.

इथल्या विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत आम्हाला वेगळं केलं. मी आणि लेकरं एका खिडकीवर, माय शेजारच्या. तिथल्या साहेबानं तिचा पासपोर्ट उघडून पूर्ण नाव विचारलं. तिनं आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं नाव तुमचं. ते ती कसं घेणार? 'अवो, आयकलं का' याच्या पुढे तिनं तुम्हाला जन्मात हाक मारली नाही. साहेब पुन्हा विचारतो, ती पुन्हा तेवढंच सांगते, मधे थांबते.

सेनगावच्या तहसीलातला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी नऊ वर्षांची. कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं, मायनं मला कोपरानं ढोसलं आणि मी गंमत म्हणून तोंड मिटून हसत राहिले. सगळं ऑफिस हसायला लागलं. घरी तुम्ही ताट बाजूला सारलंत. "माय तितं खोळंबून राह्यली अन् तू दात काढून राह्यलीस? तुला संग कशापायी धाडलं व्हतं?" तुम्ही हात उगारला नाहीत, पण दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून बँकेत, दवाखान्यात, पासपोर्टच्या ऑफिसातसुद्धा तिच्यासाठी तुमचं नाव मीच घेत आले.

इथंही तिनं माझ्याकडेच पाहिलं. तेवढ्यात माझ्या खिडकीतल्या साहेबानं तिच्याकडे बोट करून विचारलं, ही तुमच्याबरोबर आहे का? लग्नानंतर माझं आडनाव वेगळं, त्यामुळे कागदावरून कळायला मार्ग नव्हता. मला तो तिकीटवाला आठवला. आम्हाला कोंडून ठेवतील, लेकरांना दुसरीकडे नेतील, असलं काहीबाही डोळ्यांपुढे आलं. आणि दादा, मी मान हलवली. "नो" म्हणाले. त्यानं शिक्के मारले. थोरला "आजी राहिली, आजी राहिली" करत होता, त्याला मी दंडाला धरून ओढत पुढे नेलं.

पुढे गेल्यावर परत मागे येऊ देत नाहीत. काचेतून दिसत होतं. त्यांनी कुणी हिंदी बोलणारी बाई बोलावून आणली. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मान खाली घातली आणि तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले. एका नावाला इतका वेळ लागत नाही. ती बाई हसली. वीसेक मिनिटांनी माय आपली पिशवी सांभाळत बाहेर आली.

"घेतलं का नाव?" मी विचारलं.

"घेतलं. नुसतं कसं घ्यावं? उखान्यात घेतलं. इधवा बाईनं घ्यू न्हाई, पर तितं कोन बघून राह्यलं!"

लेकरं खिदळली, मीही हसले. घरी आल्यावर तुमच्या धाकट्या लेकाला तिनं हा किस्सा तीनदा रंगवून सांगितला आणि तिन्ही वेळा त्यात माझा 'नो' नव्हता. तिला इंग्रजी कळलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण नुसती हलवलेली मान कुणालाही कळते.

मघाशी बॅग भरताना ती म्हणाली, "बाई, उद्या मी तुमच्या संग उभी राहू का अलग? तुला तकलीफ नको, म्हनून इचारलं." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बघू," म्हणून मी इकडे निघून आले आणि हे लिहीत बसले. हे पाठवायचं कुठं? लेकरं यायच्या आत फाडून टाकीन. 'माझ्याजवळच उभी राहा' एवढं म्हणायला उठून गॅलरीपर्यंत जायचं आहे, दहा पावलं. पण उद्या त्या साहेबानं पुन्हा बोट केलं तर माझ्या तोंडून काय निघेल, हे मला अजून माहीत नाही, दादा.