ज्याच्यावर लिहिलं, त्याच्या हातात पेन्सिल

प्रिय आईस,

दुखऱ्या पायांनी केलेला नमस्कार. घाबरू नकोस, पाय फक्त चालून दुखतात. जेवण वेळेवर होतं, म्हणजे होतं एकदाचं.

प्रवासलेखन शिकायचं म्हणजे भटकायचं आणि लिहायचं, असं मला वाटलं होतं. आमच्या बाईंचा नियम वेगळाच. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला ते वाचून दाखवायचं आणि हातात पेन्सिल द्यायची. तो खोडेल ते गेलं.

काल चार जिने चढून शिंपीणबाईंकडे गेले. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे तासभर बसून आले होते. मी वाचलं, "भिंतीला ओल, खाटेवर आजारी नवरा, तरीही चेहऱ्यावर हसू."

त्यांनी मशीन थांबवलं. "अगं, तू पाहुणी आलीस म्हणून हसले. आणि ह्यांचं लिहिलंस, ते ह्यांना विचारलंस का?"

ते खाटेवरून माझ्याकडेच बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी सावकाश सगळी ओळ खोडली.

बाबांचा खोकला कसा आहे? औषध घेतात, की तुझ्याशी हुज्जत घालतात?

आई, ज्या लेखावर मला इथे प्रवेश मिळाला, तो बाबांच्या आजारपणावर होता. तुम्हाला कधी दाखवलाच नाही. सोबत पाठवते आहे. त्यांना वाचून दाखव. पाकिटात पेन्सिल आहे, ती आधी त्यांच्या हातात दे.

तुझी,
थोरली