झाकलेला पेला

मंगळवार, संध्याकाळ. बरकतपुरा.

डोकं अजून तापलेलंच आहे. संशोधनाच्या बैठकीत आमच्या सरोजा सिस्टरने विषय मांडला: वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका पाणी का पीत नाहीत? उशाशी झाकलेला पेला तसाच भरलेला राहतो. आग्रह केला तर म्हणतात, "नक्को बेटा, फिर उठना पडता."

मोठे डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "मेट्रन, यात कसलं संशोधन?"

मी म्हटलं, "मग सांगा ना, का पीत नाहीत?"

त्यांनी मशीनचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. विषय ठरला त्यांच्या नव्या मशीनचाच. सरोजाने आपला कागद घडी करून ठेवला. तिने का ठेवावा?

घरी पर्स उघडली. माझी पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच. तो पेला आठवला. ड्यूटीवर मध्येच बाथरूमला उठायला नको, म्हणून मीही पीत नाही.

उद्या सरोजाला सांगते, विषय सोडू नकोस. त्यात आम्हा नर्सनाही घाल.